धुतलेल्या पिशव्यांचं पोतं

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. बायकोलाही नाही. श्रावणातल्या एका रविवारी आमच्या गल्लीत दुधाच्या धुतलेल्या पिशव्यांच्या पोत्यात मटणाची हाडं निघाली होती. ती मी टाकली होती.

दोन हजार सालानंतरची ती दोन-तीन वर्षं. मी जुन्नरला हायस्कुलात मराठी शिकवत होतो. आमच्या समोरच्या घरात त्याच शाळेतले चित्रकलेचे सर राहत. मंचरकडचे, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, नोकरीलाही माझ्यामागून लागलेले. त्यांनी माझं कधी काही वाकडं केलं नाही. वाकडं जे होतं ते सगळं माझ्या बाजूनं होतं.

गल्लीच्या तोंडाशी कचऱ्याचा ढीग असायचा. पावसाळ्यात गटार तुंबायचं ते दुधाच्या आणि तेलाच्या पिशव्यांनीच. त्याबद्दल सर्वांत आधी बोललो तो मी. गणपती मंडळाच्या मीटिंगला दोन पानं लिहून नेली होती, उभं राहून वाचली. लोकांनी ऐकून घेतलं, एकानं जांभई दिली, आणि विषय मांडवाच्या बांबूंवर गेला. दोन वर्षांनी चित्रकलेच्या सरांनी मीटिंग घेतली नाही की भाषण केलं नाही. आपल्या ओट्यावर तीन पोती उभी केली आणि येणाऱ्या-जाणाऱ्या बायांना सांगायला लागले, "वहिनी, दुधाची पिशवी फेकायची नाय. उलटी करून धुवायची, वाळवायची न् शनिवारी माझ्याकडं द्यायची. नाय दिली तर रविवारी सकाळी तुमच्याकडं चहाला येऊन बसणार, राव. उठायचो नाय."

बाया हसल्या. आणि पिशव्या आल्या.

माझ्या घरातूनही गेल्या. हे मला जास्त लागलं. कचरा ढिगावर टाकू नको, असं बायकोला मी लग्न झाल्यापासून सांगत होतो. तेव्हा तिचं ठरलेलं उत्तर, मला तेवढंच काम आहे का? आता एके सकाळी आंघोळ करून बाहेर आलो तर दोरीवर माझ्या बनियनशेजारी दुधाच्या पाच पिशव्या चिमटे लावून ओळीनं वाळत होत्या. मी बनियन ओढून घेतलं. तीच म्हणाली, "सर म्हणाले, कोपरे नीट धुतले नाहीत तर वास मारतो." शाळेत मीही सरच होतो. आमच्या घरात मात्र तेव्हापासून 'सर' म्हटलं की ते समोरचे.

या असल्या उपक्रमांचं घोडं कुठं अडतं, ते मला त्याच ओट्यावर कळलं. रद्दी, बाटल्या, लोखंड, डबे हे आमच्याकडं कोणी कधी फेकतच नव्हतं. ते भंगारवाल्याला जायचं. जुन्या साड्या-पँटी बोहारणीला जायच्या, त्यावर पातेलं नाहीतर डबा यायचा. त्यासाठी कुठल्या योजनेची गरज पडली नाही. उरायचं ते ज्याला गिऱ्हाईक नाही ते: पिशव्या, पुड्या, पाऊच. म्हणजे सरांच्या पोत्यात यायचा तो सगळ्यांनी नाकारलेला माल. त्यातल्या दुधाच्या पिशवीला तेवढी थोडी किंमत, आणि तीही स्वच्छ असली तर. भंगारवाला सोमवारी हातगाडी घेऊन यायचा. त्यानं एकदा माझ्यासमोर सरांना स्पष्ट सांगितलं होतं:

"सर, तुमी म्हनता म्हनून नेतो. पर एक जरी पिशवी खरकटी निघाली ना, तर वरचा यापारी आख्खं पोतं माघारी देतो. मंग मी काय ते गळ्यात घालून हिंडू?"

सगळे हसले. मी हसलो नाही. वीस घरांनी आठवडाभर धुवायचं आणि एका घरानं मोडायचं, इतकं ते सोपं होतं. मी ते लक्षात ठेवलं.

पिशव्या निवडायचं खरं काम करायची ती एक बाई. कोपऱ्यावरच्या मावशींच्या मागच्या खोलीत वर डोंगरातल्या घाटघरकडचं एक आदिवासी जोडपं भाड्यानं राहत होतं. नवरा सरकारी कचेरीत शिपाई. ही बाई रविवारी सकाळी ओट्यावर फतकल मारून बसायची, पिशवीत बोट फिरवायची, नाकाशी न्यायची, आणि न धुतलेली असली तर कुणाच्या घरची ते न बोलता बाजूला ठेवून स्वतःच नळावर धुऊन आणायची. तुम्हाला याची किळस येत नाही का, असं मी एकदा विचारलं. म्हणाली, "आमच्याकडं वर टाकाया कायबी नसतं, सर. हितं आल्यावर बघितलं, लोकं केवढं टाकत्यात." गल्लीतल्या बाया तिच्याशी तोवर दारातूनच बोलायच्या. त्या पोत्यांमुळं ती त्यांच्यात येऊन बसायला लागली. तिला ते आवडायचं, हे दिसत होतं. आता लिहिताना कळतं, की सरांच्या त्या सगळ्या खटाटोपात सर्वांत जास्त मिळालं ते तिला.

पंधरा ऑगस्टला शाळेत सरांचा सत्कार ठरला. मुख्याध्यापकांनी मला बोलावून घेतलं. म्हणाले, मानपत्र तुम्ही लिहा, तुमच्यासारखं कुणाला जमणार? मी लिहिलं आणि मन लावून लिहिलं. माझी दोन पानं जी मंडळाच्या मीटिंगमध्ये वाया गेली होती, त्यातलीच वाक्यं फिरवून त्यात घातली. ती माईकवरून वाचली गेली तेव्हा टाळ्या पडल्या, आणि त्या पडत असताना सर खाली मान घालून लाजत होते. त्यांनी मिरवलं असतं तर मला बरं वाटलं असतं. घरी आल्यावर बायको म्हणाली, "किती छान लिहिलं होतं हो कुणीतरी." मी सांगितलं नाही कुणी लिहिलं होतं ते. पोटात जे जळत होतं त्याला मी त्या दिवसापर्यंत वेगवेगळी नावं देत होतो: उथळपणाची चीड, ज्येष्ठतेचा मान, वगैरे. त्या दिवशी त्याचं खरं नाव कळलं.

पुढच्या शनिवारी शाळेच्या कामानं मला घोडेगावला जायचं होतं. काम दुपारी आटोपलं. तिथं मला ओळखणारं कुणी नव्हतं. एका खानावळीत शिरलो आणि मटणाचं ताट मागवलं. आमच्याकडं श्रावण कडक असतो. मी जन्मात पहिल्यांदा श्रावणात खाल्लं, आणि चवही लागली नाही. जेवण झाल्यावर पोऱ्याला म्हणालो, कुत्र्याला हवीत, हाडं बांधून दे. त्यानं आणखी दोन ताटांतली घालून कागदात पुडकं बांधून दिलं. एसटीत ते माझ्या शबनम पिशवीत होतं, शाळेच्या कागदांच्या खाली. जुन्नर येईपर्यंत मी पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही.

संध्याकाळी सगळी गल्ली मारुतीच्या आरतीला गेली होती. सरांच्या ओट्यावर पोती भरून, गाठी मारून ठेवलेली होती. मी पिशव्यांच्या पोत्याची गाठ सोडली, पुडकं आत रिकामं केलं, हात घालून खाली ढकललं आणि गाठ पुन्हा मारली. मला गाठ नीट मारायची सवय आहे.

निवडताना हाडं निघतील, सोमवारी भंगारवाला नाक दाबेल, पोतं नको म्हणेल, सरांचं तोंड एवढंसं होईल, मला एवढंच हवं होतं. हाडं कुणाच्या अंगावर जातील याचा विचार केला नव्हता, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खरं नाही. एसटीत बसल्या-बसल्या तो विचार एकदा येऊन गेला होता, आणि मी खिडकीबाहेर बघत बसलो होतो.

रविवारी त्या बाईनं नेहमीप्रमाणं पोतं सोडलं. हात आत गेला तशी थांबली. बाहेर काढून बघितलं आणि भाबडेपणानं सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आगं बया, हाडं हायेत यात."

आठ-दहा बाया होत्या. माझी बायकोही होती. मी आमच्या दारात पेपर घेऊन उभा होतो.  मग कोपऱ्यावरच्या मावशी, त्या बाईच्या घरमालकीण, बोलल्या:

"तुमच्याकडं चालत आसंल बाई. आमच्यात श्रावणात न्हाई चालत."

"मावशी, आमीबी पाळतो की. भीमाशंकराच्या आसऱ्याची मानसं आमी. श्रावणात आमच्या घरात कांदाबी न्हाई."

"मंग आमी खाल्लं म्हनती का?"

चित्रकलेचे सर मध्ये पडले. म्हणाले, कुत्र्यानं आणून टाकलं असेल, उगाच वाढवू नका. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, पोत्याला गाठ होती, कुत्रं काय गाठ मारतं का?  गल्लीत वयानं आणि मानानं मोठा पुरुष तिथं मीच होतो. मावशींनी माझ्याकडं बघितलं. "सर, तुमी सांगा."

तीही माझ्याकडं बघत होती. तिला वाटत होतं, हे शिकलेले आहेत, हे बरोबर बोलतील.

मी म्हणालो, "जाऊ द्या. ज्याचं त्याला ठाऊक."

इतकंच बोललो. यापेक्षा तिचं नाव घेतलं असतं तर ती भांडू तरी शकली असती.

पोतं उकिरड्यावर गेलं. पुढच्या रविवारी चार घरांचे पिशव्यांचे गठ्ठे आले, त्याच्या पुढच्या रविवारी एकाचा. बायांना आता वेगळीच भीती वाटायला लागली होती. कचरा घराची चुगली करतो. कुणाच्या घरी कसल्या गोळ्यांची पाकिटं निघतात, कुणाचा नवरा चपटी बाटली लपवतो, कुणाकडं महिन्याच्या शेवटी तेलाची पिशवी कापून शेवटचा थेंबही पुसून घेतात, हे सगळं त्या ओट्यावर निवडलं जाऊ शकतं, हे एकदा लक्षात आलं आणि मन धजेना. ढिगावर टाकलेला कचरा कुणाचाच नसतो. धुऊन, वाळवून, हातानं नेऊन दिलेला कचरा आपला असतो. असले उपक्रम आळसानं बंद पडतात असं लोक म्हणतात. मला वाटतं, निम्मे लाजेनं पडतात. बाकीच्यांत माझ्यासारखा एखादा असतोच.

गणपती येईपर्यंत पोती गुंडाळली गेली. दसऱ्याच्या आत मावशींनी खोली रिकामी करायला सांगितली. पुतण्याचं लग्न आहे, असं कारण दिलं. लग्न झालं ते दोन वर्षांनी. जायच्या दिवशी ती बाई आमच्याकडं आली. बायकोचं एक पातेलं तिच्याकडं राहिलं होतं. रिकामं भांडं परत करत नाहीत म्हणून त्यात गावाकडचे तांदूळ घालून आणले होते. म्हणाली, "वहिनी, लई केलं तुमी." बायको रडली. तिच्या मनात त्या बाईबद्दल शंका होती की नव्हती, हे मी कधी विचारलं नाही. मला विचारायचं धाडस नव्हतं. तो भात आम्ही दोन दिवस खाल्ला. मऊ, वासाचा होता.

चित्रकलेचे सर नंतर बदलून गेले. जायच्या आधी एकदा माझ्याकडं बसले होते, तेव्हा म्हणाले, "चूक माझीच, सर. लोकांचं घर मी ओट्यावर मांडलं. पोती झाकून, ज्याची त्यानं निवडायची असं करायला पाहिजे होतं." त्या माणसाला दोषही इतका सहज घेता येत होता. मी तिथं सांगू शकलो असतो. त्याऐवजी त्यांच्या त्या सहजपणाचाच मला हेवा वाटला, आणि मी चहा आणायला आत गेलो.

पुढं घंटागाडी आली, घरोघरी दोन डबे आले, एक ओल्याचा, एक सुक्याचा. आमच्या दुसऱ्या डब्यात बायकोनं ज्वारी भरली. डबा चांगला होता. शेजाऱ्यांच्या डब्याला आंघोळीचं पाणी काढायचा मान मिळाला. सगळा कचरा एकत्र करून आम्हीच गाडीत टाकत होतो, आणि वर म्हणत होतो की या योजनांत काही दम नाही. आता निवृत्त झाल्यावर मी दुधाच्या पिशव्या धुतो, चिवड्याचे पुडेही. उलटी करून, कोपरे चोळून. फायदा काय होतो, कुणी मला विचारलं तर आकडे मला येत नाहीत. भंगारवाल्याच्या मुलानं सांगितलं, दुधाच्या पिशवीला अजून गिऱ्हाईक आहे, चिवड्याच्या पुड्याला नाही. म्हणजे धुण्यातला अर्धा वेळ वायाच जातो. पण ज्या दोन पावसाळ्यांत सरांची पोती होती, त्या दोन पावसाळ्यांत आमचं गटार तुंबलं नव्हतं. हे मी पाहिलेलं आहे. आणि ती पोती बंद पडली माझ्यामुळं. बायको अजून म्हणते, "सरांच्या वेळी बरं होतं." अजून मला ते टोचतं. इतक्या वर्षांनी, वयाची साठी जवळ आली तरी टोचतं. हे लिहायला लाज वाटते, पण लिहितो.

त्या बाईला मी एकदाच पाहिलं, जुन्नरच्या स्टँडवर. नवरा निवृत्त होऊन ते वर गावी राहायला गेले होते. तीच पुढं आली. "सर, बरं हाय ना? वहिनी काय म्हनत्यात?" मी बरं आहे म्हणालो. मग ती म्हणाली, "ते कोन व्हतं, कधी कळलं का हो?"

इतक्या वर्षांत ती विसरली नव्हती. मी म्हणालो, नाही. माझी गाडी लागली, म्हणालो; ती नारायणगावची होती आणि मला नारायणगावला जायचंही नव्हतं; तरी मी तीत चढून बसलो.

मावशी अजून आहेत. त्या रविवारी ओट्यावर असलेल्यांतल्या पाच-सहा जणी अजून त्याच गल्लीत राहतात. हाडं मी टाकली होती, हे त्यांना एकत्र बोलावून, त्यांच्या समोर, त्या बाईला बसवून सांगायचं माझ्याकडून राहिलं आहे. तिला नुसतं कानात सांगून ते फिटणार नाही. तिचं नाव चारचौघांत गेलं, ते चारचौघांतच परत द्यावं लागेल. अजून दिलेलं नाही.