छबूबाईंच्या चुलीपुढचं व्याकरण

बेलापूरच्या अलीकडे मिशनचं हायस्कूल होतं. कागदोपत्री तिथले सर्वेसर्वा हेडमास्तर फादर अल्बन. पण बोर्डिंगच्या सव्वाशे पोरांची भाकरी छबूबाई थापायच्या, त्यामुळे खरी सत्ता कुठं होती हे सगळ्या कंपाउंडला ठाऊक होतं. उंची साडेचार फूट, आवाज सहा फुटी. पाथर्डीकडच्या. नवरा गेल्यावर दिराच्या घरी तीन वर्षं जावेची बोलणी खाल्ली आणि एका सकाळी गाठोडं उचलून मिशनच्या फाटकात येऊन बसल्या. त्याला आता दहा वर्षं झाली होती. स्वयंपाकघराशेजारची पत्र्याची खोली ही त्यांच्या आयुष्यातली पहिली अशी जागा, जिचं दार त्या आतून लावू शकत होत्या.

सेहेचाळीस साली ती खोली धोक्यात आली. आदल्या वर्षी तपासणीला आलेल्या इन्स्पेक्टरसाहेबांनी शेरा मारला होता: हेडमास्तरांना मुलांची भाषा येत नाही. पुढच्या तपासणीत त्यांनी स्वतः मराठीतून वर्ग घ्यावा, नाहीतर मॅट्रिकपर्यंतचे वर्ग मंजूर होणार नाहीत. वरचे वर्ग गेले की बोर्डिंग गेलं. बोर्डिंग गेलं की छबूबाई पुन्हा जावेच्या दारात.

फादर अल्बन हे स्वित्झर्लंडचे. आपल्या धर्मसंघाच्या मुंबईच्या कॉलेजात वीस वर्षं इंग्रजी शिकवून इकडे आलेले. त्यांच्यासाठी पुण्याहून एक शास्त्रीबुवा बोलावले. त्यांनी पहिल्या दिवशी संधी शिकवला, दुसऱ्या दिवशी समास शिकवला आणि तिसऱ्या दिवशी इथलं पाणी बाधलं म्हणून ते निघून गेले. मग फादर स्वयंपाकघरात येऊन बसू लागले. रोज चार वाजता चुलीपुढं पाटावर सहा फुटी फादर, पुढ्यात ज्वारीचं सूप. एकेक खडा वेचायचा, एकेक शब्द वेचायचा.

तीन महिन्यांत फादर घडाघडा बोलायला लागले. छबूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. तपासणीला दोन दिवस उरले असताना फादरांनी नववीच्या वर्गात सरावाचा तास घेतला, आणि घंटा देणारा अल्लाबक्ष स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला.

"छबूबाई, फादरला काय शिकवलंत?"

"मराठी. का?"

"वर्गात म्हनले, मी तुम्हाला भूगोल शिकवते. मग म्हनले, मी काल नगरला गेले होते. पोरं बाकाखाली गेली ना हसून."

छबूबाईंचा हात परातीतच थांबला. तीन महिने फादर त्यांच्यासमोर 'मी येते', 'मी जेवले' म्हणत होते आणि त्यांच्या कानाला काहीच खटकलं नव्हतं. कसं खटकणार? त्या स्वतः तसंच बोलत होत्या.

"लई वंगाळ झालं," त्या म्हणाल्या.

"साहेब पुन्याचा बामन हाय. त्याच्यासमोर दाढीवाला मानूस 'मी आले' म्हनला की शाळेला कुलूप."

"तुमी घंटेचं बघा," छबूबाई म्हणाल्या. पण आवाज चार फुटांवर आला होता.

चार वाजता फादर आले. छबूबाईंनी मान खाली घालून सांगितलं. फादर लाल झाले, मग सुधारायला बसले. 'मी येतो' जमलं. पण त्याच दमात म्हणाले, "छबूबाई पण बसला." नंतर 'चूल पेटला', मग 'भाकरी जळाला'. संध्याकाळपर्यंत स्वयंपाकघरातल्या एकूण एक वस्तूचं लिंग बदललं. आधी एक भोक होतं, आता चाळणी झाली.

"ऱ्हाऊ द्या फादर," छबूबाई हताश होऊन म्हणाल्या. "हुतं ते बरं हुतं. परवा काय शिकवनार?"

फादरांनी नकाशा उलगडला. "प्रवरा नदी."

छबूबाई नकाशाकडे बघत राहिल्या. "परवरा," त्या हळूच म्हणाल्या. "नदी बाईच की, फादर."

"म्हणजे?"

"तुमी नदी व्हा. नदीच बोलतीय असं बोला."

त्या रात्रीच्या पंगतीत छबूबाई भाकरीची पाटी घेऊन मधोमध उभ्या राहिल्या. "परवाच्या तासाला ज्याचा दात दिसंल, त्याला रातच्याला चतकोर बी न्हाई."

तपासणीच्या दिवशी इन्स्पेक्टरसाहेब काळा कोट घालून मागच्या बाकावर बसले. छबूबाई खिडकीबाहेर उभ्या होत्या, हातात उलथनं तसंच. फादरांनी नकाशावर छडी ठेवली.

"मी प्रवरा," फादर म्हणाले. "मी रतनगडावर जन्मले. भंडारदऱ्याला आले, तिथे धरणाने मला अडवलं. तरी मी निघाले. अकोले पाहिलं, संगमनेर पाहिलं. आता मी तुमच्या बेलापूरजवळून जाते."

साहेबांची पेन्सिल थांबली. चेहऱ्यावर कौतुक दिसू लागलं. छबूबाईंनी उलथनं पदराखाली घेतलं. पुढच्या बाकावरचा गोरक्षनाथ गाल आतून चावत होता. प्रवरा टोक्याला पोचली, गोदावरीला मिळाली, आणि अल्लाबक्षनं बरोबर घंटा दिली. सुटलो, असं त्याच्यासकट सगळ्यांना वाटलं.

साहेब उठले. "उत्तम पद्धत आहे, फादर. कुठे शिकलात?"

फादर खोटं बोलत नसत. ही त्यांची एकमेव अडचण.

"मी स्वयंपाकघरात शिकले," फादर म्हणाले.

साहेबांनी चष्मा काढला. "तास संपला, फादर. आपण अजून नदीच आहात का?"

चाळीस पोरं ओठ मिटून समोर बघत होती. काहींचे कान तांबडे झाले होते. फादरांचा आ वासलेलाच राहिला, कारण पुढचं क्रियापद कोणतं घ्यावं हे त्यांना कळेना.

"साहेब," खिडकीतून आवाज आला. "त्यांची चूक न्हाई. म्या शिकवलंय. बाईमानसाकडनं शिकले, म्हनून तसं बोलत्यात. त्यांला बोल लावू नका. मला काढायचं तर काढा."

साहेबांनी खिडकीकडे पाहिलं. बाहेर पदर आणि उलथन्याचं टोक दिसत होतं. मग त्यांनी पोरांकडे पाहिलं.

"आणि ही मुलं हसत कशी नाहीत?"

"हसली तर भाकर न्हाई म्हनून सांगितलंय."

साहेबांनी रुमाल काढून तोंडावर धरला. आधी खोकल्यासारखा आवाज आला, मग खांदे हलायला लागले, आणि मग काळ्या कोटातला तो माणूस बाकावर बसून पोट धरून हसला. ते पाहून गोरक्षनाथचे गाल सुटले, आणि त्याच्यामागून अख्खा वर्ग.

शेरा दुपारी लिहिला गेला. हेडमास्तरांना मुलांची भाषा उत्तम येते. लिंगविचारात सुधारणेस वाव आहे. शिस्त वाखाणण्यासारखी. वरचे वर्ग मंजूर.

संध्याकाळी पंगत बसली. नववीची पोरं रिकाम्या ताटांपुढं गुमान बसली होती. गोरक्षनाथनं मान खाली घालून सांगून टाकलं, "मावशी, आमी हसलो."

छबूबाईंनी पाटीतून त्याच्या ताटात भाकरी टाकली, मग आणखी एक टाकली.

"साहेबाच्या मागनं हसलात," त्या म्हणाल्या. "ते धरत न्हाई."

दारातून फादर वाकून आत आले आणि आपल्या पाटावर बसले.

"छबूबाई," ते म्हणाले, "मी पण भुकेली आहे."

छबूबाईंनी त्यांनाही वाढलं. सुधारलं नाही.