मागला कल, म्होरला कल

खिशात राजीनामा घालून प्रवासाला निघालेला माणूस पाहिलाय का कधी? नसेल तर मला बघा. जिंतूरच्या शाळेत पाचवीचा मुदर्रिस, म्हणजे मास्तर. वय चोवीस, डोकं कायम तापलेलं.

झालं असं की, बुधवारी आमच्या शाळेचा मुआयना होता. तपासणीला आलेल्या साहेबांनी माझ्या वर्गाला उर्दूत विचारलं, "बच्चो, कल कौन-सा दिन?" आणि अख्ख्या वर्गानं एका सुरात ठोकून दिलं, "मंगल!" बुधवारच्या पुढे मंगळवार! साहेब पोट धरून हसले. जाताना मुआयन्याच्या वहीत लिहून गेले की, या मास्तराच्या पोरांना वारसुद्धा येत नाहीत, पुढच्या फेरीत सुधारणा दिसली नाही तर याला कमी करावं. साहेबांची गाडी वेशीबाहेर गेली आणि मी सगळ्या वर्गाला छड्या मारल्या. एकेकाला दोन-दोन. माझं डोकं फिरलं की मागचं पुढचं दिसत नाही.

त्याच संध्याकाळी राजीनामा लिहिला. मामाच्या ओळखीनं परभणीच्या जिनिंगमध्ये कारकुनी ठरल्यासारखीच होती. पण आमचे सदर मुदर्रिस, म्हणजे हेडमास्तर, कागद हातात घेईनात. "सोमवारी द्या," म्हणाले. "त्याच्याआधी पाथरीच्या पुढं गोदाकाठच्या एका शाळेत जाऊन या. तिथले सदर दत्तोपंत. कायी इचारू नका, नुसतं बघून या." शुक्रवारची सुट्टी आणि वर दोन दिवसांची रुखसत, म्हणजे रजा, मिळाली.

कुणाला जायचं असेल तर सांगतो. जिंतूरहून सकाळची सर्विस मोटर धरा. लढाईमुळे पेट्रोल नाही, मोटर कोळशाच्या गॅसवर चालते, चढ आला की सगळ्यांनी खाली उतरून ढकलायची. जागा पुढची घ्या. मागे भट्टीपाशी बसलात तर परभणीत लोक तुम्हाला कोळशाचे व्यापारी समजतील, मला समजले. परभणी स्टेशनावर भजी गरम मिळतात, चहा मात्र नावालाच. तिथून रेल्वेनं मानवत रोड आणि पुढं पाथरीपर्यंत टांगा. टांगेवाला सांगेल त्याच्या निम्म्यावर अडून बसा. कापसाची वेचणी चालू होती. गाड्यांतून उडालेला कापूस वाटेवरच्या बाभळींना लटकला होता आणि दोन्ही बाजूंनी काळं रान नजर पोचेल तिथवर पसरलेलं. एवढ्या मोठ्या रानात माझा राजीनामा केवढासा, असं उगाच वाटून गेलं.

पाथरीहून बैलगाडी मिळाली. गाडीवान बोलघेवडा.

"कुठं जायलाव गुरुजी?"

"दत्तोपंत सदरांकडं."

"आगं माय! लय वल्ली माणूस हाय. येवढा हेडमास्तर, पर खुर्चीत बसंल तर शपथ. पोरायच्यात बसतंय पाटी घिऊन!"

मी हसण्यावारी नेलं. मुक्कामाला सदरांच्याच घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. सदर गावात कुणाकडे गेले होते. त्यांच्या पत्नीनं, सगळं गाव त्यांना काकू म्हणतं, ज्वारीची गरम भाकरी आणि अंबाडीची भाजी वाढली, वर लसणाचं तेल. "मास्तर हायत ना, मंग निवांत जेवा," म्हणाल्या. "आमच्याकडं मास्तर येतात ते पयल्या दिशी घाबरलेलेच असतात." मी गुमान जेवलो आणि झोपलो.

शनिवारी सकाळी शाळेत गेलो. मारुतीच्या देवळाला लागून तीन खोल्या, जमीन सारवलेली. पहिल्या खोलीत गोविंदराव नावाचे तरुण मास्तर हिशेब शिकवत होते. मी दारातून विचारलं, "सदरसाहेब कुठायत?" पोरं फिदीफिदी हसली. शेवटच्या ओळीत, पोरांच्या मधोमध, पागोटं घातलेल्या एका म्हाताऱ्यानं हात वर केला. "हाजिर!"

मांडीवर पाटी होती.

तास संपल्यावर त्यांनी ती पाटी गोविंदरावांच्या हातात दिली. मी मान लांब करून वाचली. 'खिडकीपाशी तिघांना फळा चकाकतो, दिसत नाही. आपण प्रश्न विचारता आणि उत्तरही आपणच देता. जरा थांबावं.' गोविंदराव हसले, "आज बी घाई झालीच की," म्हणाले आणि ओल्या तळव्यानं पाटी पुसून टाकली.

"पुसता कशाला?" मी न राहवून विचारलं.

"मुआयन्याच्या वहीतलं पुसत न्हाई," दत्तोपंत म्हणाले. "मंग माणूस वहीलाच भितो. पाटीवरचं ज्याचं त्यानं वाचायचं, ज्याचं त्यानं पुसायचं. बाकी कुनाला कशाला पायजे?"

दुपारी तर कहरच झाला. दत्तोपंतांनी स्वतः तास घेतला आणि मागं पाटी घेऊन गोविंदराव बसले! नोकरीला लागून जेमतेम तीन वर्षं झालेला पोरगेला मास्तर हेडमास्तरांच्या चुका लिहितोय. तास झाल्यावर म्हाताऱ्यानं पाटी डोळ्यांजवळ धरून मोठ्यानं वाचली. 'सदर, आज आपण पुढच्या दोनच ओळींशी बोललात.' "खरं हाय," म्हणाले आणि पुसली. आमच्याकडे हेडमास्तरांना चुकलात म्हणायचं म्हणजे बदलीचं गाव आधीच ठरवून ठेवायचं.

"उद्या पाचवी तुमी घ्या," जाता जाता दत्तोपंतांनी मला सांगितलं. माझी पाचावर धारण बसली.

रविवारी मी वर्गावर गेलो. आमच्या राज्यात सुट्टी शुक्रवारची, रविवारी शाळा असते, हे बाहेरच्यांसाठी सांगितलं. उर्दूचा धडा बरा झाला. शेवटी सवयीनं म्हणालो, "ये सबक कल सुनाना."

सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, "मागला कल का म्होरला कल?"

चेष्टा! परक्या मास्तराची चेष्टा! माझा हात छडीकडे गेला. मग मागं बसलेलं पागोटं दिसलं आणि मी हात आवरला.

तास संपल्यावर दत्तोपंतांनी पाटी दिली. तिच्यावर एकच ओळ होती. 'लेकरं विचारतात तेव्हा आपला हात छडीकडं जातो.'

"पण ते काय विचारत होते?" मी म्हणालो.

"उर्दूत कल म्हंजी काय?"

"उद्या. आणि काल पण. दोन्ही."

"हां. पर आपल्या लेकरायला घरी 'काल' ऐकायची सवय. तुमी कल म्हणलाव की त्यायला काल ऐकू येतंय. उद्या धडा म्हणून दाखवा म्हणता तुमी, त्यायला वाटतंय कालचं कायतरी बोलायलेत. मी अकरा वर्सं हानलं पोरायला, सबक का केला न्हाई म्हणून. गोविंदराव आले आन् दुसऱ्याच म्हयन्यात माझ्या पाटीवर लिहिलं, 'सदर, कोणता कल?' तवापासून लेकरं इचारून घेतेत."

मी पाटी पुसायला हात उचलला आणि तो तसाच राहिला. बुधवार. कल कौन-सा दिन. मंगल. अरे देवा! पोरांनी बरोबर उत्तर दिलं होतं! बुधवारचा काल मंगळवारच असतो. हसले साहेब, चिडलो मी, आणि मार खाल्ला त्यांनी. एकेकाला दोन-दोन. डोळ्यांत पाणी आलं, ते लपवण्यापुरतं पाटीवर वाकलो. मग ती ओळ पुसली आणि निघालो. काकूंनी वाटेसाठी भाकरी बांधून दिली.

परतीच्या वाटेवर बाभळी होत्या, कापूस होता, मोटर दोनदा बंद पडली. खरं सांगतो, मला त्यातलं काही दिसलं नाही. मोठमोठी देवळं पाहिलीत मी, पण शाळेच्या सारवलेल्या जमिनीवर मांडी घालून बसलेल्या त्या म्हाताऱ्यासमोर वाकलो तसा कुठं वाकलो नाही.

सोमवारी मोटरमधून उतरलो तो थेट वर्गात गेलो. मी राजीनामा देणार हे गावभर झालं होतं. मी म्हणालो, "बुधवारी तुमचं उत्तर बरोबर होतं. चूक माझी होती. छड्या मला परत घेता येत नाहीत, पण चुकलो." मग त्यांना दोन्ही कल समजावले, मागला आणि म्होरला. कुणी हसलं नाही. आमचे सदर दारात उभे राहून ऐकत होते. मी कोपऱ्यातली एक पाटी उचलून त्यांच्या हातात दिली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पाटीकडे पाहिलं, आणि गुडघे धरत, "आई गं" म्हणत, शेवटच्या ओळीत खाली बसले.

तास सुटताना पहिल्या ओळीतल्या नारायणनं हात वर केला. बुधवारी 'मंगल' म्हणून सगळ्यात मोठ्यानं ओरडलेला हाच.

"गुरुजी, कल तुमी हायत का?"

"कोणता कल रे?"

"म्होरला."

खिशातला कागद हाताला लागला. "हाय," मी म्हणालो.