कान तुटलेला कप

फ्लूची साथ आली त्या साली पत्रकं वाटत मी भूमच्या बाजारात पोचलो. तिथं स्टँडसमोर एक जाडजूड मामा चहा विकायचा. प्रत्येक कपात आधी फुंकर मारायचा, खांद्यावरच्या पंच्यानं पुसायचा, मग चहा ओतायचा. दलित मजुरांसाठी मात्र कान तुटलेला एक कप बाहेर कोनाड्यात ठेवलेला. ज्यानं त्यानं विसळून प्यायचं आणि विसळून ठेवायचं.

माझं डोकंच फिरलं. पत्रक नाचवत मी सुनावलं, "मामा, माणसाला गाठणाऱ्या फ्लूच्या विषाणूचे तीन प्रकार. 'क' साध्या सर्दीवर भागवतो. 'ब' माणसांतच फिरतो. 'अ' रूप पालटून येतो आणि गावंच्या गावं लोळवतो. ही साथ त्याचीच!"

"म्हंजी त्यांच्यातबी वरचा-खालचा हायच की!" मामा खूश.

"पण शिरतात कुणाच्याही नाकात! तुमच्या फुंकरीतून तर बसल्याजागी. इथं धुतलेला कप तो बाहेरचा एकच. मला त्यातच द्या."

"हळू बोला, सायब! माझा धंदा बसंल!"

बाकावरचे बागायतदार तोवर कप ठेवून उठलेही होते.

पुढच्या बाजारी पाहतो तर बागायतदार घरचे कप घेऊन बाहेर उभे, मजूर आत बाकावर. आणि मामा कान तुटलेल्या कपातून स्वतः चहा पीत होता.

"ह्यो लई निर्मळ हाय, तुमीच म्हणला न्हवं?"

"आणि मजुरांना?"

"त्यास्नी आतले दिले की! आता काय न्हाय भेदभाव."

"मग ते धुवा तरी!" मी ओरडलो, आणि आमचं भांडण पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं.