मीटरकाकांनी सील तोडलं

मीटरकाकांनी एकतीस वर्षं लोकांच्या घरातले विजेचे मीटर वाचले. जिन्याखाली, दाराआड, जिथे असेल तिथे वाकायचं, टॉर्च मारायचा, आकडा वहीत उतरवायचा आणि पुढचं दार गाठायचं. मीटर वाचायचा, उघडायचा नाही, हा त्यांचा नियम. कुठे सील तुटलेलं दिसलं, तर ते घरमालकाकडे अशा नजरेने बघायचे की त्याने आपणहून कबुली द्यावी. बोलणं बेताचं. दारात उभं राहून "मीटर!" एवढंच ओरडायचे. त्यावरून गल्ली त्यांना मीटरकाका म्हणू लागली, आणि त्यांची बायको, तिची काही चूक नसताना, मीटरकाकू झाली.

एकुलती मुलगी लग्न होऊन दूरच्या शहरात गेली. तिचा फोन आला की काका म्हणायचे, "हं. बरं. हिला देतो." संपलं.

ते निवृत्त झाले तेव्हा मुलीने आपला जुना कॉम्प्युटर आणून दिला, वर कॅमेरा बसवला आणि दर रविवारी सकाळी भेटायचं ठरवलं. चित्र झकास यायचं. आवाज मात्र ना इकडचा तिकडे, ना तिकडचा इकडे. एकदा काकूंनी चित्र बघत बघत फोन कानाला लावून पाहिला. पण फोन पुढे आणि चित्र मागे. मुलगी बोलून मोकळी झाल्यावर तिचं तोंड हलायचं. काकूंना गरगरलं. मग त्यांनी पाटी काढली. "जेवलीस का?" असं खडूने लिहून कॅमेऱ्यापुढे धरायच्या. मुलगी कागदावर "हो" लिहायची. काका पाटी घ्यायचे, विचार करायचे, आणि लिहायचे, "ठीक."

असं वर्षभर चाललं. शेवटी काकू कंटाळल्या. "खडूने माझे हात फुटले. काहीतरी करा."

काका दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "आतलं साउंड कार्ड मेलंय काका. नवीन घाला. चांगलं दाखवू की स्वस्त?"

"फरक काय?"

"चांगल्याला भोकांचे रंग वेगवेगळे. कुठली वायर कुठे ते लगेच कळतं. स्वस्ताला तिन्ही काळी."

"आवाज काळ्यातून येत नाही का?"

"येतो की."

"मग रंगाचं काय करायचंय? भिंतीला लावायचंय का?"

स्वस्त कार्ड आलं. सोबत दुकानदाराने एक जुना लहानसा स्पीकर दिला, वीज न लागणारा. वीज लागत नाही म्हटल्यावर काकांनी त्याच्याकडे जरा संशयानेच पाहिलं.

घरी आल्यावर खरी अडचण निघाली. कॉम्प्युटरच्या डब्याला मागे एक चिकटपट्टी होती. तिच्यावर बारीक अक्षरांत छापलं होतं: सील तोडू नये.

काका स्क्रूड्रायव्हर घेऊन अर्धा तास नुसते उभे.

"अहो, तोडा की."

"अगं, सील आहे."

"आपलंच आहे ना?"

"सगळे हेच म्हणायचे."

काकूंनी त्यांच्या हातातून स्क्रूड्रायव्हर घेतला आणि पट्टी टराटरा फाडली. काकांनी तेवढ्यापुरते डोळे मिटून घेतले.

आत धुळीची गोधडी होती. ती ब्रशने झाडली, मोकळ्या खाचेत कार्ड बसवलं, दाबलं, स्क्रू आवळला. डबा बंद केल्यावर दोन स्क्रू उरले. ते काकूंनी बटणांच्या डबीत टाकले. दुकानदाराने दिलेली सीडी घातली, "पुढे" आलं तिथे "पुढे" दाबत गेले, आणि पडद्याच्या कोपऱ्यात एक इवलासा कर्णा उगवला. म्हणजे कार्ड जिवंत होतं.

आता स्पीकरची वायर. तीन काळी भोकं, प्रत्येकाखाली नखाएवढं चित्र कोरलेलं. काकांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू पिकत आला होता. भिंग लावूनही दोन चित्रं त्यांना गोगलगायीसारखी दिसली. तिसरं मात्र स्वच्छ होतं: माईक.

"झालं! सभेत आवाज कशातून येतो?"

"माईकमधून," काकू म्हणाल्या.

स्पीकरची वायर माईकच्या भोकात गेली.

रविवारी मुलगी पडद्यावर आली. आवाज नाही. तिने एकदम डोळे मोठे केले, कानाला हात लावला, काहीतरी बोलली.

"तिलापण येत नाहीये," काका म्हणाले. "फुकट गेलं कार्ड. स्वस्तातलं ना."

"तुम्हीच आणलंत."

"बारीक झालीये गं ही. गळ्याची हाडं बघ. आणि तो मागचा पडदा! गोणपाट तरी बरं."

मुलगी काहीतरी लिहायला लागली होती, ती थांबली. तिने कागद बाजूला ठेवला आणि हनुवटीखाली हात घेऊन बघत बसली. पाटी पुन्हा बाहेर आली.

पुढच्या रविवारी तिच्या मागे नवा, निळ्या फुलांचा पडदा होता.

"बघ, आपण म्हणालो आणि बदलला," काका म्हणाले. "माझीच मुलगी. पण हा जावई कायम बनियनवर काय हिंडतो?"

त्यानंतरच्या रविवारी जावई पूर्ण बाह्यांचा, इस्त्रीचा शर्ट घालून मागून गेला. परत आला. पुन्हा गेला.

काकूंना आता भीती वाटायला लागली. "अहो, आपण बोलतो ते होतंय. जरा जपून बोला."

काका कसले जपतात! आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा शब्द कुठेतरी चालत होता. खुर्ची बदल म्हणाले, खुर्ची बदलली. केस मोकळे सोडू नको म्हणाले, आठवड्याने वेणी आली. पाटीवर लिहायचे तेच, "ठीक." पण खडू खाली ठेवला की काकूंकडे वळून सुटायचे. ही लहानपणी तापात मीटरचे आकडे बडबडायची. हिच्याशिवाय घर म्हणजे बंद पडलेला मीटर, चाक फिरतच नाही. पडद्यावर मुलगी नाक पुसायची. "सर्दी झालीये," काका म्हणायचे. मग जावई मागून वाफाऱ्याचं भांडं घेऊन यायचा.

एका रविवारी ते काकूंना म्हणाले, "गुरुवारी डोळ्याचं ऑपरेशन आहे, हिला कळू द्यायचं नाही. उगाच धावत येईल." आणि पाटीवर लिहिलं, "सर्व ठीक."

गुरुवारी सकाळी सात वाजता मुलगी बॅग घेऊन दारात उभी.

"तुला कोणी सांगितलं?"

"तुम्हीच, बाबा."

तिने डब्याच्या मागे वाकून वायर दाखवली. "स्पीकर माईकच्या भोकात घातला की तो उलटा चालतो. बोलत नाही, ऐकतो. तीन महिने मला सगळं ऐकू येतंय."

काका खुर्चीत बसले. "आणि त्याला?"

"त्यालाही. दर शनिवारी शर्टाला इस्त्री करतो बिचारा."

"मग सांगायचं नाही का!"

"सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, हं, बरं, हिला देतो."

काकूंनी तोंडाला पदर लावला. काका रागावून ऑपरेशनला गेले आणि रागातच टेबलावर झोपले. डॉक्टरांनी विचारलं, काही त्रास? काका म्हणाले, "डोळ्याचा नाही." ऑपरेशन उत्तम झालं. पट्टी निघाल्यावर त्यांनी आधी ती तीन चित्रं नीट पाहून घेतली. गोगलगायी नव्हत्या. मुलीने जाण्यापूर्वी वायर योग्य भोकात घातली आणि खरा माईकही जोडून दिला.

रविवार उजाडला.

"ऐकू येतंय?" मुलगी म्हणाली.

"येतंय. तुला?"

"येतंय."

काकांनी खिशात खडू चाचपला. जावई मागे ताठ उभा होता. शेवटी काकूंनी शेंगा सोलायला घेतल्या. तिकडे मुलगी कपड्यांच्या घड्या करायला लागली. काका थोडा वेळ अवघडून बसले, मग त्यांनी पेपर उघडला आणि पाणीकपातीची बातमी मोठ्याने वाचायला लागले, कोणाला म्हणून नाही.

"परत? मंगळवारीसुद्धा?" तिकडून जावयाचा आवाज आला.

"मंगळवार, शुक्रवार," काका म्हणाले.

तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली. काकू उठल्या, तिकडे मुलगीही उठली. दोघी आपापल्या स्वयंपाकघरात जाऊन परत आल्या. दोघींचेही गॅस बंद होते. शिट्टी कोणाच्या तरी शेजाऱ्यांची होती. कुठल्या बाजूच्या, यावर पुढचा पाऊण तास गेला.