दोरा कापण्याआधी

मामीची बोटं संधिवाताने आखडली, तेव्हा भरतकामाच्या कारखान्याच्या मालकांनी मोठ्या मायेने तिला घरी बसण्याचा सल्ला दिला. पण घरी बसणं मामीला आजारापेक्षा जड. मग भाचीने कंबर कसली. मामीनेच वाढवलेली ही पोर आता प्रोग्रामर होती. यंत्रावर नक्षीचा एकेक चौकोन बोटांनी भरत बसण्याऐवजी साध्या शब्दांत टाइप करता येईल अशी छोटी भाषाच तिने रचली. ‘ओळ १..१० लाल’ लिहिलं की एक ते दहा ओळी लाल. मालक म्हणाले, शुक्रवारी दुपारी चालवून दाखवा. नाहीतर निरोपाचा हार आणतो.

भाची हुशार, पण घाईची. समोरच्याचं वाक्य अर्ध्यात असताना उत्तर देऊन मोकळी. अक्षरं वाचून शब्द नि आकडे वेगळे करणारा तिच्या प्रोग्राममधला स्कॅनरही तसाच. खाण तशी माती. शुक्रवारी सकाळी ‘१..१०’ समोर येताच त्याने एकचा आकडा उचलला, पुढे टिंब दिसलं म्हणून दशांश समजून तेही गिळलं, आणि दुसऱ्या टिंबापाशी तोंड वासून उभा राहिला. भाची तीन तास त्याच्याशी भांडली. चूक कळत होती, उपाय सुचत नव्हता.

मागे स्टुलावर बसलेल्या मामीने घोळ काय आहे ते विचारून घेतलं.

“मग टिंबाला हात लावण्याआधी तो पलीकडे बघत का नाही? मी दोरा कापण्याआधी नक्षीतला पुढचा चौकोन बघते. तोच रंग असेल तर कापायचा कशाला?”

“किती चौकोन बघतेस?”

“एकच. अख्खी नक्षी बघत बसले तर टाके कोण घालणार, तुझा मामा?”

भाचीने चार ओळी बदलल्या. टिंबापलीकडे नुसतं डोकावायचं. तिथे आकडा असेल तर दशांश, दुसरं टिंब असेल तर आधीच्या एकावरच थांबायचं.

दुपारी यंत्राने दहा ओळी लाल भरल्या. मालकांनी सोमवारपासून यायला सांगितलं. मामीने लगे हात पाठ टेकायची खुर्चीही मागून घेतली. भाची आली होती मामीचे उपकार थोडे फेडायला. आता त्यात आणखी एकाची भर पडली होती, आणि तिला त्याचा आनंदच होता.

मामी एका बोटाने ‘ओळ’ लिहीत होती. ‘ळ’ सापडेना, म्हणून मालक वाकून शोधत होते.