बटाटा वर येईना

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, कारण हे सांगताना मी गंभीर राहणार आहे. पंचवटीतल्या एका शाळेत मी विज्ञान शिकवतो. माणूस तसा बरा आहे, पण मीटिंगमध्ये तोंड उघडायची खोड आहे, त्याला काय करणार?

आमच्या मुख्याध्यापिका गायकवाड मॅडमनी मीटिंग बोलावली. विषय होता, सगळ्यांनी मिळून शिकवण्यात सुधारणा कशी करायची. चहा आला, बिस्किटं आली, सूचना मात्र कुणाकडून येईना. मग मी बोललो. म्हटलं, "आपण एकमेकांच्या तासाला जाऊन बसू या. नंतर एक चांगली गोष्ट सांगायची, एक सुधारण्यासारखी. बस."

सगळे एकदम आपापल्या चहाच्या कपात बघायला लागले. कारण तुम्हाला माहीत असेल, आपल्याकडे वर्गात मागच्या बाकावर कुणी मोठं माणूस येऊन बसलं की ती तपासणीच. मुलं ताठ बसतात आणि मास्तर भलतंच शुद्ध बोलायला लागतो.

आमचे गणिताचे देवरे सर मूळचे नामपूरचे. ते म्हणाले, "सर, मागं कुणी बसलं ना, मला सातचा पाढा पण आठवत नाय. निदान आदल्या दिवशी पोरांकडून तास बसवून घेऊ?"

"अजिबात नाही," मी म्हटलं. "नाटक नको. रोज होतो तसाच तास झाला पाहिजे."

मॅडमना हे फार पटलं. "मग पहिला तास तुमचाच, येत्या बुधवारी," त्या म्हणाल्या. "तो बघून बाकीच्यांनी ठरवावं. कुणाची तयारी नसेल तर हा विषय इथंच सोडू."

म्हणजे आता सगळा उपक्रम माझ्या एका तासावर आला. तो पडला की देवरे सर सुटले, बाकीचे सुटले, आणि मी जन्मभर स्टाफरूममधला शहाणा म्हणून राहिलो. मला घाम फुटला, हे कबूल करतो.

म्हणून मी सोमवारी सातवी 'ब'मध्ये तास बसवला. मनात त्याला तालीम म्हणत नव्हतो, उजळणी म्हणत होतो. साध्या पाण्यात बटाटा बुडतो, मीठ विरघळवलं की तरंगतो, हा प्रयोग. आर्यनला चुकीचं उत्तर वाटून दिलं. सगळीच उत्तरं बरोबर आली तर संशय येतो ना? बरोबर उत्तर निकिताला. आणि बटाटा वर आला की सगळ्यांनी "अरे वा" म्हणायचं. तेही दोनदा करून घेतलं, पहिल्यांदा जरा कोरडं वाटलं होतं.

बुधवारी सकाळी कळलं, सातवी 'अ'च्या बाई मतदार यादीच्या कामाला गेल्यात. अशा वेळी आपल्याकडे एकच उपाय असतो, वर्ग एकत्र! 'अ' आणि 'ब' दोन्ही माझ्यासमोर हॉलमध्ये. मागच्या भिंतीला सगळा स्टाफ आणि मधोमध मॅडम.

मी म्हटलं, एवढ्या मुलांना माझी छोटी बरणी कशी दिसणार? म्हणून स्नेहसंमेलनात सरबताला वापरतो तो मोठा पारदर्शक डबा आणवला आणि गळ्यापर्यंत पाणी भरलं. मीठ मात्र घरून आणलेलं तेवढंच, बरणीपुरतं. विज्ञानाचा शिक्षक आहे मी, बरं का.

बटाटा सोडला. बुडाला. इथपर्यंत उत्तम.

"का बुडाला?" मी विचारलं. 'अ'मधल्या एका चुणचुणीत मुलीनं हात वर केला आणि म्हणाली, "सर, पाण्यापेक्षा बटाट्याची घनता जास्त आहे म्हणून."

अगदी बरोबर. मी शाबास म्हणणार, तेवढ्यात निकिता उभी राहिली. डोळ्यांत पाणी. "सर, ते उत्तर माझं होतं."

मागे कुणीतरी खोकलं. मी घाईघाईनं म्हटलं, "बरं, अजून कुणाला काय वाटतं?" तर आर्यन प्रामाणिकपणे उठला. "सर, मी चुकीचं सांगू का आता?"

"बस खाली," मी म्हटलं आणि सगळं मीठ पाण्यात ओतलं. ढवळलं. सातवी 'ब'ला एवढी खूण पुरे होती. सगळे एका सुरात म्हणाले, "अरे वा!"

बटाटा तळाशी होता.

'अ'ची मुलं एकदा डब्याकडे, एकदा 'ब'कडे बघत होती. शेवटी एकानं विचारलंच, "सर, तो तर खालीच आहे. हे वा कशाला म्हणतात?"

मी अजून ढवळलं. 'ब'ला वाटलं आवाज कमी पडला. त्यांनी पुन्हा म्हटलं, आधीपेक्षा मोठ्यानं. देवरे सर खिडकीकडे तोंड करून उभे होते, खांदे हलत होते.

घंटा झाल्यावर गायकवाड मॅडम पुढे आल्या. त्यांनी आर्यनला जवळ बोलावून प्रेमानं विचारलं, "बाळा, आज नवीन काय शिकलास?"

"आज काही नाही मॅडम. सोमवारी शिकलो," आर्यन म्हणाला. "तेव्हा बटाटा वर आला होता."

मॅडमनी फक्त माझ्याकडे बघितलं. त्यापेक्षा मेमो दिला असता तर बरं झालं असतं.

स्टाफरूममध्ये आलो तेव्हा मी मनाची तयारी केली होती. उपक्रम बुडाला, मीही बुडालो. पण बघतो तर काय, फळ्यापाशी गर्दी! ज्यांना आपला तास दाखवायचाय त्यांनी नाव लिहायचं होतं, आणि खडूसाठी ओढाओढ चालली होती. सगळ्यात वर देवरे सरांचं नाव. मला खरंच भरून आलं. म्हटलं, "सर, तुम्ही? तुम्हाला तर भीती वाटायची."

"वाटायची ना, लय वाटायची," देवरे सर हात झटकत म्हणाले. "पण तुमचा तास बघितला आणि पार गेली. आता आमच्यातलं कुणी कितीबी चुकलं, तरी दुसराच नंबर येणार."