ओलं अस्तर

धुरीवाड्यातल्या गंगाराम मेस्त्रीची गलबतं पाण्यात कधी उतरली नाहीत, पण लोकांच्या दिवाणखान्यांत मात्र पार मुंबईपर्यंत पोचली. हातभर लांबीची, डोलकाठी-शिडांसकट हुबेहूब. लाकूडकाम बापाचं, रंग लेकीचा. लेक म्हणजे सुगंधा. चिंचोक्याच्या खळीत खडूची पूड कालवून ती लाकडाला अस्तर द्यायची, त्यावर खारीच्या केसांच्या कुंचल्याने रंग आणि वर व्हार्निशचे तीन हात. एकाचं व्हार्निश वाळतंय तोवर दुसऱ्याचं अस्तर सुरू. हातातलं काम टाकून उठायचं नाही, हा त्या घरचा नेम. गलबतं गावोगावी गेली. सुगंधा बत्तिसाव्या वर्षीही पडवीतच.

स्थळं आली नाहीत असं नाही. पण गंगाराम दरवेळी म्हणायचा, एवढं एक गलबत होऊ दे. हे ‘एवढं एक’ कधी संपणार, असं विचारायला घरात आई नव्हती.

एकसष्ट साली बांद्याहून सत्यवान मास्तरांचं स्थळ आलं. मास्तर बिजवर, पण माणूस सरळ. आपल्या नर्मदाआत्याला घेऊन ते मुलगी बघायला येणार होते. सुगंधाने आठ दिवस आधीच बापाला निक्षून सांगितलं की हातातलं पुरं करीन, नवं घेणार नाही. गंगाराम बरं म्हणाला. ते ‘बरं’ तिने खरं मानलं. रॉकेलने घासून नखांतला रंग काढताना आपण इथून सुटणार या विचाराने तिला रडूच आलं.

पाहुणे दुपारी आले, दारापुढच्या खळ्यात बसले. चारच्या एस.टी.ने परतायचं होतं. नवं लुगडं नेसून, पोह्यांच्या बशा घेऊन पडवीतून जाताना तिची नजर पाटावर गेली. तिथे फणसाच्या लाकडाचं नवं गलबत होतं, नुकतंच बापाने अस्तर दिलेलं, आणि अस्तरात गाठीच गाठी. ते ओलं आहे तोवरच सारखं करता येतं. वाळलं की दगड. मग खरवडताना लाकडाची धार जाते. दोन महिने तासलेलं लाकूड होतं ते.

दोन मिनिटांचं तर काम, म्हणून तिने बशा खाली ठेवल्या आणि ओला फडका घेतला. इकडची गाठ काढली की तिकडची दिसायची. बाहेर आत्याने दोनदा विचारलं, मुलगी कुठे आहे. गंगारामाने दोन्ही वेळा शांतपणे सांगितलं, कामात आहे, हातातलं टाकून उठत नाही. मास्तरांनी घड्याळात बघितलं. पोह्यांवर माश्या बसल्या. सुगंधा खडूने माखलेल्या हातांनी धावत दारात आली, तेव्हा खळं रिकामं होतं आणि साडेतीन वाजून गेले होते.

मग तिच्या ध्यानात आलं. खळ गाळून घ्यायला तिला ज्याने शिकवलं, त्याच्या अस्तरात उभ्या जन्मात कधी गाठ राहिली नव्हती.

“बाबांनू, ह्या मुद्दाम केलात मां?”

गंगारामाने मान वर केली नाही. “तू गेलंस तर माझ्या लाकडाक रंग कोण लावतलो?”

तिला बापाचा राग आलाच. पण त्याहून जास्त राग आला तो आपल्या बोटांचा. बापाने फक्त गाठी ठेवल्या होत्या. बशा तिने स्वतः खाली ठेवल्या होत्या.

ती पडवीत गेली. गलबताच्या पुढच्या टोकाला, नाळेजवळ एक गाठ राहिली होती. अस्तर अजून ओलं होतं. तिने फडका पिळला आणि तीही काढली.